फुटपाथ आणि फुटपट्टी

आमच्या स्टेशनबाहेरचा पेपरवाला पालिकेने गेल्या महिन्यात उचलला. म्हणजे माणूस नव्हे, त्याचं दुकान. दुकान तरी कसलं? दोन लाकडी खोकी, त्यांवर आडवी फळी आणि फळीवर पायऱ्या-पायऱ्यांनी लावलेले पेपर, प्रत्येकाचं नाव आणि मुख्य मथळा तेवढा दिसेल असे. वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येक थप्पीवर अर्धी वीट. पहाटे साडेचारला गठ्ठे उतरतात, तिथेच फुटपाथवर मांडी घालून पुरवण्या भरल्या जातात, सहाच्या सुमाराला लाइन टाकणारी पोरं सायकली घेऊन निघतात, आणि उरलेला माल फळीवर चढतो. त्या दिवशी दहाच्या सुमारास ‘गाडी आली’ अशी आरोळी उठली. भाजीवाल्यांनी टोपल्या उचलल्या आणि क्षणात ते गल्लीत दिसेनासे झाले. त्यांना त्याचा सराव आहे. पेपरवाले काका मात्र जागीच उभे राहिले. तीस वर्षांत त्यांच्यावर पळायची वेळ आली नव्हती. फळी, खोकी, विटा आणि दीडेकशे पेपर गाडीत गेले. दंड भरून खोकी सोडवता येतात. कालचा पेपर सोडवून करायचं काय?

मग वाद सुरू झाला, आधी आमच्या सोसायटीत आणि नंतर वॉर्डाच्या बैठकीत. एका बाजूने ‘फुटपाथ चालण्यासाठी आहे’, दुसरीकडून ‘गरिबाच्या पोटावर पाय कशाला?’ आणि मधूनच कुणीतरी, ‘अहो, पण हल्ली पेपर वाचतं कोण?’ तासभर हेच तीन सूर आलटून पालटून लागत होते. फळी कोणत्या नियमाने उचलली, तो नियम कुठे लिहिलाय आणि तो सगळ्यांना सारखा लागतो का, हे एकानेही विचारलं नाही. (मीही नाही. हे मला घरी आल्यावर सुचलं. चांगले प्रश्न नेहमी जिन्यात सुचतात.)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. फुटपाथवर पेपर विकायला कुठे आणि किती जागा द्यायची हे शहराने खुशाल ठरवावं, अगदी कडकपणे ठरवावं. पण ते फुटपट्टीने ठरवावं, साहेबाच्या मर्जीने नव्हे. आणि फुटपट्टी धरणाऱ्याची नजर फुटांवर असावी, मथळ्यांवर नसावी. पेपर लोकांपर्यंत पोचण्याची जागा हा छापण्याच्या स्वातंत्र्याचाच एक तुकडा आहे, म्हणून त्या जागेचा नियम केळ्यांच्या गाडीच्या नियमापेक्षा जास्त काटेकोर हवा. जास्त सैल हवा असं मी म्हणत नाही, हे कृपया लक्षात घ्या.

हा प्रश्न अमेरिकेत फार नितळपणे लढवला गेला आहे, आणि त्याचं कारण गमतीचं आहे. तिथे फुटपाथवर माणूस नसायचा, पेटी असायची. काही वर्षांपूर्वी ओहायोत बहिणीकडे गेलो होतो तेव्हा अशी पेटी मी पहिल्यांदा वापरली. कमरेएवढी लोखंडी पेटी, पुढे काच, काचेमागे त्या दिवशीच्या अंकाचा घडीच्या वरचा अर्धा भाग. क्वार्टरची, म्हणजे पाव डॉलरची, नाणी टाकली की स्प्रिंगचं दार खाली ओढता येतं, आणि आत एक नाही, अख्खी थप्पी. एकच उचलायचा आणि दार सोडायचं, एवढ्या विश्वासावर तो धंदा चालायचा. पण महत्त्वाचं म्हणजे पेटीला पोट नसतं. तिची बायकोमुलं वॉर्डाच्या बैठकीला येत नाहीत. त्यामुळे तिथल्या न्यायालयांना पोटापाण्याच्या कणवेमागे लपता आलं नाही. पालिकेच्या जमिनीवर उभ्या असलेल्या त्या पेटीचा संबंध विचारस्वातंत्र्याशी आहे की नाही, हे त्यांना सरळ सांगावं लागलं.

बहिणीच्या घरापासून जवळच, क्लीव्हलँडला खेटून लेकवूड नावाचं उपनगर आहे. तिथे सार्वजनिक जागेवर कुणीही काहीही उभं करायला बंदी होती. ‘प्लेन डीलर’ या क्लीव्हलँडच्या दैनिकाने पेट्या ठेवू द्या म्हणून अर्ज केला, तो फेटाळला गेला, दैनिक न्यायालयात गेलं आणि बंदी टिकली नाही. मग शहराने नवा नियम केला: परवाना दरवर्षी महापौर देईल, पेटीचं रूप वास्तुरचना मंडळ मंजूर करेल, एक लाख डॉलरचा विमा उतरवावा लागेल, आणि शेवटी एक साळसूद ओळ: महापौरांना आवश्यक आणि वाजवी वाटतील त्या इतर अटी. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी या मर्जीलाच अडवलं. न्यायमूर्ती ब्रेनन यांचा युक्तिवाद साधा होता. महापौराने परवाना नाकारलाच पाहिजे असं नाही. तो नाकारू शकतो एवढं पुरे. निवडणूक तोंडावर आलीय, परवान्याचा अर्ज टेबलावर पडलाय, अशा वेळी त्या पेपराचा संपादक महापौरावरचा अग्रलेख लिहिताना हात आखडता घेणार नाही का? आणि त्याने हात आखडला हे सिद्ध कोण करणार? न लिहिलेल्या अग्रलेखाचा पुरावा नसतो.

आपल्याकडे हे समजायला अवघड जाऊ नये. १८२३ मध्ये हंगामी गव्हर्नर जनरल जॉन ॲडम याने छापखान्यांना परवान्याची सक्ती केली, तेव्हा राममोहन रॉय यांनी आपलं ‘मिरात-उल-अखबार’ हे फारसी पत्र बंद करून टाकलं. त्यांच्या पत्रावर कारवाई झालेली नव्हती. दारात जाऊन परवाना मागणं आणि तो कधीही काढून घेतला जाईल या भीतीत लिहिणं, हेच त्यांना अपमानास्पद वाटलं. बारा वर्षांनी पुढचा एक हंगामी गव्हर्नर जनरल मेटकाफ याने तो नियम रद्द केला. आणि दीडशे वर्षं पुढे या: २५ जून १९७५ च्या रात्री, आणीबाणी लागली तेव्हा, दिल्लीत बहादूरशहा जफर मार्गावरच्या वृत्तपत्रांची वीज तोडली गेली. मजकुराला कुणी हात लावला नाही, संपादकाशी कुणी हुज्जत घातली नाही. फक्त दिवे गेले, यंत्रं थांबली, दुसऱ्या दिवशी पेपर नाही. वीज, कागद, टपालाचा दर, फुटपाथची फळी: पेपर बंद पाडायला लेखणीपर्यंत जावं लागत नाही, तिच्या आजूबाजूची कुठलीही चिल्लर वस्तू पुरते.

आता विरुद्ध बाजू. ती कच्ची नाही, आणि तिची खिल्ली उडवणारे पत्रकार मला आवडत नाहीत. लेकवूडच्या खटल्यातच न्यायमूर्ती व्हाइट यांनी विरोधी मत लिहिलं, त्याचा गाभा असा: पेपर विकायचा हक्क आहे, मान्य. हातात घेऊन विका, घरोघर टाका, दुकानात ठेवा. पण सार्वजनिक जमिनीचा एक तुकडा अडवून तिथे स्वतःच्या मालकीची लोखंडी पेटी कायमची रोवायची, हा हक्क राज्यघटनेत कुठून आला? मला हे म्हणणं वजनदार वाटतं. फुटपाथ सगळ्यांचा, आणि सगळ्यांचा म्हणजे आधी त्याचा, ज्याला दुसरा रस्ता नाही. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या माणसाला पेपरची पेटी लोकशाहीचं प्रतीक वाटत नाही, ती त्याच्या नडगीला लागते. चाकाच्या खुर्चीला दीड फुटाच्या फटीतून जाता येत नाही. शिवाय पेट्या गलिच्छही होतात. पेपर खपेनासे झाले तशा त्या रिकाम्या पडल्या, गंजल्या, त्यांत कॉफीचे कप साठले.

बॉस्टनमध्ये बीकन हिल नावाची जुनी वस्ती आहे. विटांची घरं, अरुंद रस्ते, गॅसचे दिवे. तिथे रस्त्यावरच्या असल्या सगळ्याच सामानावर सरसकट बंदी घातली गेली आणि त्यात पेपरच्या पेट्याही गेल्या. वृत्तपत्रं भांडली. १९९६ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने बंदी उचलून धरली. मला हा निकाल पटतो, थोडा जड मनाने का होईना. कारण ती बंदी सगळ्यांना सारखी होती, वस्ती छोटी होती, आणि पेपर मिळवायचे दुसरे रस्ते जवळच शिल्लक होते. म्हणजे ‘पेपर’ हा शब्द उच्चारला की नियमांनी बाजूला व्हावं, असं माझं म्हणणं नाहीच. सरसकट ‘नाही’ हेसुद्धा, अटी पाळल्या तर, प्रामाणिक उत्तर असू शकतं. अप्रामाणिक असतं ते ‘बघू’.

सरसकट नसलेल्या ‘नाही’चं काय होतं हे सिनसिनाटीने दाखवलं. त्या शहराने १९८९ मध्ये दोन कंपन्यांना पेट्या ठेवायची परवानगी दिली. एक प्रौढांसाठीच्या वर्गांची आणि करमणुकीच्या कार्यक्रमांची माहिती देणारं फुकट नियतकालिक काढायची, दुसरी घरांच्या जाहिरातींचं. वर्षभरात शहराला वाटलं, हे काही पेपर नव्हेत, नुसत्या जाहिराती आहेत. काढा यांच्या पेट्या. कारण काय दिलं? सुरक्षितता आणि शहराचं सौंदर्य. अशा पेट्या किती होत्या? बासष्ट. आणि शहरातल्या एकूण पेट्या दीड ते दोन हजार! १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी सहा विरुद्ध तीन मतांच्या निकालात विचारलं ते कुणीही शहाणा माणूस विचारेल: जाहिरातीची पेटी बातम्यांच्या पेटीपेक्षा जास्त कुरूप दिसते का? तिला जास्त लोक अडखळतात का? पेटी तीच, जागा तीच. मग फरक फक्त आतल्या कागदाचा, आणि आतला कागद बघायला शहराला कुणी सांगितलं?

इथे आपल्याकडचा सुशिक्षित वाचक किंचित चुळबुळतो, मला माहीत आहे. वॉर्डाच्या बैठकीत एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, ‘मोठ्या दैनिकांचं ठीक आहे हो, पण ती टुकार साप्ताहिकं आणि चार पानी चोपडी कशाला हवीत फुटपाथवर?’ खरा पेपर कोणता आणि टुकार कोणता, हे ठरवायचा मोह आपल्यातल्या प्रत्येकाला होतो. मलाही होतो; काही साप्ताहिकांना मी चिमट्यानेसुद्धा हात लावणार नाही. पण अतिक्रमण विभागाच्या निरीक्षकाला तो अधिकार दिला की एक दिवस त्याची यादी तुमच्या यादीशी जुळत नाही, आणि तेव्हा तुम्हाला बोलायला तोंड उरत नाही.

‘हे सगळं अमेरिकेत, आपलं काय?’ असं कुणी म्हणेल. तर आपलंही मूळ तिथेच सापडतं. मद्रास सरकारने मुंबईत छापल्या जाणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकाला आपल्या हद्दीत यायला बंदी केली. तेव्हा राज्यघटना लागू होऊन जेमतेम महिना झाला होता. मे १९५० मध्ये त्याचे संपादक रोमेश थापर यांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी फेटाळली आणि सांगितलं की प्रसाराशिवाय प्रकाशनाला फारसा अर्थ नाही. हे सांगताना न्यायमूर्ती पतंजली शास्त्री यांनी आधार घेतला तो अमेरिकेतल्याच निकालांचा. त्यांतला एक जॉर्जिया राज्यातल्या ग्रिफिन गावचा, १९३८ चा. तिथे पत्रकं वाटायला नगर व्यवस्थापकाची लेखी परवानगी लागे आणि लव्हेल नावाच्या बाईने ती मागायचंच नाकारलं होतं. म्हणजे आपल्या वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या पायातला एक दगड एका छोट्या गावच्या नगरपालिकेच्या नियमातून आलेला आहे. पुढे साठच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याच्या ‘सकाळ’ने किंमत आणि पानांच्या संख्येवर सरकारी बंधन घालणाऱ्या कायद्याला आव्हान दिलं आणि जिंकलं. सरकार म्हणत होतं, आम्ही मजकुराला कुठे हात लावतोय, आम्ही फक्त धंद्याचे नियम करतोय. न्यायालयाने ऐकलं नाही. खप कमी करणारा नियम हा बोलण्यावरचाच नियम आहे, असं ते म्हणाले.

हे इतकं स्पष्ट असूनही स्टेशनबाहेरच्या फळीपर्यंत ते पोचत नाही. का? कारण फळीकडे आपण फक्त पोट म्हणून बघतो. मुंबईचा १८८८ चा पालिका कायदा घ्या: कलम ३१४ खाली आयुक्तांना रस्त्यावर मांडलेला विक्रीचा माल सूचना न देता हटवता येतो. तिथे पेपर आणि पेरू यांच्यात भेद नाही. १९८९ मध्ये सोदान सिंग खटल्यात रस्त्यावर विक्री करणं हा व्यवसायाचा मूलभूत हक्क ठरला, २०१४ मध्ये पथविक्रेत्यांचा कायदा आला, नगर पथविक्रेता समित्यांत ४० टक्के जागा विक्रेत्यांना मिळाल्या. हे सगळं चांगलंच झालं. पण त्यात हक्क आहे तो विकणाऱ्याच्या उपजीविकेचा. वाचणाऱ्याचा हक्क कुठेच नोंदलेला नाही. म्हणून काकांना पालिकेने उद्या मंडईच्या मागे ओटा दिला तर कायद्याच्या लेखी प्रश्न मिटतो, पोट भागलं! पण आठ वाजून बाराची लोकल पकडणारा माणूस मंडईच्या मागे जात नाही. भाजी मंडईत जाऊन घेतात. पेपर वाटेवर दिसला तर घेतात, नाहीतर घेत नाहीत. वाट हीच त्याची जागा.

‘पेपर वाचतं कोण’ याचं उत्तर मी थोडक्यात देतो, कारण तो युक्तिवाद स्वतःच्याच पायावर धोंडा पाडतो. वाचणारे कमी झाले असतील तर फळीही छोटी झाली, अडथळाही छोटा झाला. मग एवढी घाई कशाची? आणि कमी झाले म्हणून हक्क संपतो, हे कोणत्या तर्काने? ज्यांच्या हातात मोठा फोन आहे त्यांना फळी नकोय, कबूल. फळी हवी असते ती ज्याच्याकडे पेपर घरी येत नाही त्याला, आणि ज्या पेपराची लाइन नाही त्याला.

आता ज्या गोष्टीने मी हे लिहायला बसलो ती सांगतो. काकांची फळी जिथे होती तिथून वीसेक पावलांवर त्याच फुटपाथवर एक सार्वजनिक वृत्तपत्र वाचनालय आहे. तुमच्याही भागात असेल. लोखंडी चौकट, वर पत्र्याची शेड, उभ्याने वाचायला तिरके फळे, बसायला बाकडं, आणि शेडच्या कपाळावर माजी नगरसेवकांचा हात जोडलेला फोटो. सकाळी चार-पाच म्हातारे आणि दोन रिक्षावाले तिथे मन लावून वाचत असतात. मला ते दृश्य आवडतं, खोटं कशाला बोलू? पण फळ्यांवर पेपर कोणते? तीन. एक पक्षाचा, एक पक्षाला न दुखावणारा आणि एक रोजगाराच्या जाहिरातींचा. गाडी त्या दिवशी या शेडच्या समोरूनच गेली आणि थांबली नाही. काकांच्या फळीवर अकरा पेपर असत, तीन भाषांत. त्यांत त्या माजी नगरसेवकांना महिन्यातून एकदा सोलून काढणारं एक चोपडंही असे.

याच चोपड्यासाठी फळी उचलली असा आरोप मी करत नाही. बहुधा तसं नसेलच; पथकाला टोपल्या मोजून संख्या दाखवायची असते, त्यात फळी सापडली. पण ‘नसेल’ असं मला अंदाजाने म्हणावं लागतं, कारण पडताळायला काही नाही. लेखी कारण नाही, माप नाही, नकाशा नाही. अटलांटाच्या विमानतळाने एकदा फर्मान काढलं होतं की पेपरवाल्यांनी आपल्या पेट्या काढाव्यात आणि विमानतळाच्या मालकीच्या, कोका-कोलाची जाहिरात असलेल्या पेट्या भाड्याने घ्याव्यात. तेही प्रकरण वर्षानुवर्षं न्यायालयात चाललं. आपल्याकडे पेटीवर पेयाऐवजी चेहरा असतो, एवढाच फरक, आणि न्यायालयात कुणी जात नाही.

माप असतं तर काय झालं असतं? न्यूयॉर्कचा नियम बघा: पेटी ५० इंचांहून उंच नको, अग्निशमनाच्या नळापासून १५ फूट दूर हवी, माणसांना चालायला आठ फूट मोकळे सुटले पाहिजेत. पेटी ठेवणाऱ्याने नोंदणी करायची, बसली मापात तर राहते, नाही बसली तर जाते. त्यात ‘योग्य वाटल्यास’ असं म्हणायला जागाच कमी. आपल्याकडेही रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांत फुटपाथवर किमान १.८ मीटर, म्हणजे जेमतेम सहा फूट, निर्वेध रुंदी सुटावी असं लिहिलेलं आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चांगला पदपथ हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. पादचाऱ्याचा हक्क मला पहिला मान्य आहे. सहा फूट त्याचे, त्यावर चर्चा नको. उरलेल्या पट्ट्यात पेपरसाठी जागा आखा, अर्ज किती दिवसांत निकाली काढायचा ते लिहा, नाकारलात तर कारण लिहा, फळी पंधरा दिवस रिकामी दिसली तर उचला, आणि पेपर कोणता हे अर्जात विचारूच नका. हे एका पानात बसतं.

बैठकीनंतरच्या रविवारी मी मेजरिंग टेप घेऊन गेलो. बायको म्हणाली, लोक हसतील. दोघे हसले, एकाने टेपचं दुसरं टोक धरलं. फुटपाथ साडेनऊ फूट. काकांची फळी भिंतीला लागून होती, तिची खूण अजून फरशीवर दिसते: पावणेतीन फूट. म्हणजे पावणेसात सुटत होते. वाचनालयाची शेड बाकड्यासकट साडेचार फूट, उरले पाच.

काका आता हातात घेऊन विकतात, न्यायमूर्ती व्हाइट यांनी सुचवलं होतं तसंच. डाव्या हाताच्या कोपरात थप्पी, उजव्या हाताने सुटे पैसे. मी विचारलं, किती मावतात? म्हणाले, ‘चाळीस. पाऊस असला की तीस, छत्री धरावी लागते ना.’ अकरा पेपरांपैकी आता चार आणतात, जे डोळे झाकून खपतात ते. ‘बाकीचे कुणी मागतच नाही, सर,’ म्हणाले. ‘दिसल्याशिवाय मागणार कसे?’ ते चोपडं त्या चारांत नाही.